परका कोण, हे ठरवण्याचा अधिकार गावाला दिला कोणी?



आपल्या किनाऱ्यावर सध्या एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे 'बांगलादेशी'. जेटीवर अनोळखी खलाशी दिसला की बांगलादेशी, चिरेखाणीवर वेगळी भाषा कानावर आली की बांगलादेशी, दारावर चादरी विकायला दाढीवाला आला की बांगलादेशी. १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत अभिनेता सैफ अली खान यांच्यावर चाकूहल्ला झाला. पकडलेला आरोपी बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि राज्यभर शोधमोहिमेला जोर चढला. तिचे लोण मालवण, देवगड, वेंगुर्ल्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. नेत्यांच्या भाषणात 'परप्रांतीय', 'रोहिंगे' आणि 'बांगलादेशी' हे तीन शब्द आता एका दमात येतात, आणि ऐकणाराही ते एकच समजून टाळ्या वाजवतो. उत्तर प्रदेशातून आलेला माणूस भारताचा नागरिक असतो, हे आठवण करून द्यावे लागते इतकी आपली अवस्था झाली आहे.

आम्हाला त्या नेत्यांशी फारसे बोलायचे नाही. त्यांचे राजकारण त्यांना लखलाभ. आम्हाला बोलायचे आहे ते आपल्या वाडीतल्या पोरांशी. कारण हेच मेसेज बौद्धवाडीच्या ग्रुपवर फिरताना आम्ही रोज वाचतो आहोत. सकाळी 'जय भीम, नमो बुद्धाय', दुपारी 'भायरचे हटवा, कोकण वाचवा'. ग्रुपच्या डीपीला बाबासाहेब आणि खाली पंचायतीने ठराव करून परप्रांतीयांना गावबंदी करावी अशी मागणी! या दोन गोष्टी एका मोबाईलमध्ये मावतात, एका विचारात मावत नाहीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी कायद्याचे साधे गणित पाहू. नागरिकत्व, परकीय नागरिक, त्यांचा देशात प्रवेश आणि त्यांची हकालपट्टी हे विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीत आहेत. नोंद १७ आणि नोंद १९ काढून वाचा. ग्रामपंचायतीला अकराव्या अनुसूचीने २९ विषय दिले, नगरपरिषदेला बाराव्या अनुसूचीने १८ विषय दिले. पाणी, गटार, दिवाबत्ती, स्मशान, कत्तलखाना, जन्म-मृत्यूची नोंद, सगळे आहे. कोण भारतीय आणि कोण नाही, हा विषय त्या ४७ मध्ये कुठेही नाही. केंद्राने आपले काही अधिकार राज्याकडे आणि पोलिसांकडे सोपवले आहेत, ते वापरले जातात आणि वापरले जावेत. रत्नागिरी तालुक्यात नाखरे येथील चिरेखाणीवर नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ बांगलादेशी सापडले. दहशतवादविरोधी पथकाने त्यांना पकडले, गुन्हा दाखल झाला, प्रकरण न्यायालयात गेले. याला कायदा म्हणतात. बेकायदा घुसखोरी होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. होते. तिच्यासाठी तपास यंत्रणा आहे, न्यायालय आहे, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदाही लागू आहे. पण हे काम नगरपरिषदेच्या जेसीबीचे नाही आणि ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांचेही नाही.

आता मालवणात काय झाले ते पाहू.

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला. त्या रात्री मालवणात एका भंगार व्यावसायिकाच्या अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार आली. मुलाला ताब्यात घेतले गेले, आई-वडिलांना अटक झाली. घोषणा दिली की नाही, हे न्यायालय ठरवेल. पण दुसऱ्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, मालवण नगरपरिषदेने त्या कुटुंबाचे भंगाराचे दुकान पाडले. कारण सांगितले अनधिकृत बांधकामाचे. कुडाळ-मालवणचे आमदार निलेश राणे यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले की या परप्रांतीयाला जिल्ह्यातून हाकलून देणारच, पण त्याआधी त्याचा व्यवसाय उद्ध्वस्त केला आहे. तत्काळ कारवाईबद्दल त्यांनी नगरपरिषदेचे आभारही मानले. म्हणजे कारवाई बांधकामावर नव्हती, माणसावर होती, हे दुसऱ्या कोणी सिद्ध करण्याची गरजच उरली नाही.

त्या वेळी मालवण नगरपरिषदेत निवडून आलेले सभागृह नव्हते. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे तिथेही प्रशासकाचा कारभार होता. लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नसताना शहराच्या नावाने शहरातल्या एका कुटुंबाची रोजी काढून घेतली गेली, आणि 'मालवणकरांनी धडा शिकवला' असे स्टेटस ठेवले गेले. कोणत्या मालवणकरांनी?

याच्या तीनच महिने आधी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी बुलडोझर कारवाईवर निकाल दिला होता. किमान १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस, पाडकामाचे चित्रीकरण, आणि नियम मोडले तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला त्यातून वगळले आहे, हेही सांगायला हवे, नाहीतर उद्या कोणी आम्हालाच कायदा शिकवेल. पण आरोपी आहे म्हणून घर किंवा दुकान पाडणे म्हणजे कार्यपालिकेने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणे, हे त्या निकालाचे सार आहे. मालवणच्या पाडकामाविरुद्ध अवमान याचिका दाखल झाली आणि २४ मार्च २०२५ रोजी न्या. गवई व न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने नोटीस काढली. पुढे मे महिन्यात न्या. गवई देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, तेव्हा आपल्या प्रत्येक वाडीत बॅनर लागला. चांगले झाले. आम्हीही पेढे वाटले. मात्र बॅनर लावणाऱ्यांपैकी किती जणांनी तो बुलडोझरचा निकाल वाचला, आणि किती जणांनी फेब्रुवारीत जेसीबीचा व्हिडिओ 'एक नंबर' म्हणून फॉरवर्ड केला होता?

त्याच मालवणात, राजकोट किल्ल्यावर, ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला उभारलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. तिथे समिती नेमली गेली, तज्ज्ञ आले, अहवाल आला, आरोपींना वकील मिळाले, जामीन मिळाला. असेच व्हायला हवे, आरोपीलाही हक्क असतात. महाराजांच्या पुतळ्यात ज्यांच्यावर निष्काळजीपणाचा आरोप झाला त्यांना कायद्याची सगळी पायरी मिळाली, आणि भंगारवाल्याला एक रात्र. वाड्यावाड्यांतून किनाऱ्याला खेटून उठलेल्या पर्यटनाच्या बांधकामांबद्दल तर बोलायलाच नको. सीआरझेडची रेषा तिथे समुद्राबरोबर भरती-ओहोटी खेळते.

भंगाराबद्दल थोडे विषयांतर करतो. खारे वारे लोखंड खातात. बोटीचे इंजिन, गंजलेला नांगर, फुटके पत्रे, तुटलेली जाळी, हॉटेलच्या बाटल्या हे सगळे उचलणारा कोणीतरी लागतो. गावातल्या अब्रूदार माणसाला ते काम नको असते, पण ते झाले नाही तर चालतही नाही. काम हवे, माणूस नको. ही रीत आपल्याला कुठेतरी ओळखीची वाटते का? मेलेली ढोरे ओढणारा हवा होता, पण तो पाणवठ्यावर नको होता. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ढोरे ओढणे सोडा असे सांगितले, तेव्हा गावोगाव सवर्णांना राग आला तो यासाठी की घाण उचलणारा हातचा जात होता. आज घाण उचलायला माणूस हजार किलोमीटरवरून येतो. त्याची किंमत करण्याची पद्धत तीच आहे.

कोकणात गावरहाटी आहे. बारा-पाचाचे मानकरी, देवाचा कौल, पालखीला खांदा कोणी द्यायचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे, कोणी कुठे उभे राहायचे, सगळे ठरलेले. आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा पुस्तकात याला 'परस्परावलंबी ग्रामव्यवस्था' असे गोड नाव दिलेले होते. या व्यवस्थेत महाराचे काम काय? इतर कामांबरोबर गावाची सीमा दाखवणे. दोन गावांचा हद्दीचा वाद झाला की साक्ष महाराची. गाव कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ज्याच्या जिभेवर ठरत होते, त्याची स्वतःची वस्ती मात्र गावाच्या बाहेर. म्हणजे 'गाव कोणाचे' या प्रश्नाचा आपल्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाला नाही. आपण पिढ्यानपिढ्या या मातीत राहूनही भायरचेच होतो. आपले बाहेरचेपण कुठल्या सीमेपलीकडून आलेले नव्हते, गावाने ठरवले होते.

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाच्या गोडव्यांना साफ नकार दिला आणि घटनेचा एकक गाव न मानता व्यक्ती मानली, याचे समाधान बोलून दाखवले. आणि म्हणूनच आपल्या देशात राज्याचे वेगळे नागरिकत्व नाही. मालवणचा नागरिक, महाराष्ट्राचा नागरिक अशी गोष्ट नसतेच. एकच नागरिकत्व, भारताचे. अनुच्छेद १९ मध्ये देशात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा अधिकार आहे. तो अधिकार सगळ्यात जास्त कोणाच्या उपयोगी पडला? ज्यांना गाव सोडल्याशिवाय माणूस होता येत नव्हते, त्यांच्या. कोकणातला महार मुंबईच्या गोदीत, गिरणीत, रेल्वेत, सैन्यात गेला म्हणून शिकला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. ते कुटुंब तिथेच राहिले असते तर?

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटेसे आत्मकथन प्रत्येकाने वाचावे. नावच बघा. व्हिसाची वाट पाहणे! परदेशातून शिकून आलेला माणूस १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला जातो, खोली मिळत नाही, पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहतो, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहून तू कोण आहेस ते विचारतात. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला लावतात. आज चिरेखाणीवरच्या झोपडीसमोर, जेटीवर, भाड्याच्या खोलीच्या दारात गावातली पोरे उभी राहतात आणि आधार दाखव म्हणतात, तेव्हा त्या काठ्या आम्हाला दिसतात. त्या घोळक्यात आपला मुलगा उभा असेल तर तो कोणाच्या जागी उभा आहे, हे त्याने एकदा पाहावे.

बरे, कागद दाखवले तर सुटका होते का? १२ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात स्पष्ट केले की आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. मग सामान्य माणसाने खिशात काय ठेवावे? जून २०२५ मध्ये मिरा रोड परिसरातून पश्चिम बंगालच्या मजुरांना उचलून सीमेवर नेले आणि बांगलादेशात ढकलले. ते भारतीयच होते, तिथल्या राज्य सरकारने धावपळ केली म्हणून परत आले. ज्याच्यामागे राज्य सरकार धावत नाही त्याचे काय? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामातल्या एका प्रकरणात सांगितले आहे की हाती काही ठोस आधार असल्याशिवाय सरकारी यंत्रणेने कोणाचेही दार ठोठावून नागरिकत्व सिद्ध कर म्हणू नये. यंत्रणेला जे करता येत नाही ते गावातल्या दहा पोरांना करता येते, असे कोणी समजू नये.

कागदाचे दुःख आपल्याला शिकवायला नको. जात पडताळणीसाठी आम्ही दरवर्षी पोरांच्या फायली जुळवतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पणजोबा शाळेतच गेले नाहीत, कारण शाळेत घेत नव्हते. सातबारा नाही, कारण जमीनच नव्हती. मुंबईच्या चाळीतली पावती आहे तर गावचा पुरावा नाही, गावचा आहे तर नावात फरक. म्हातारीचा जन्म घरी झाला, सुईणीशिवाय साक्षीदार नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री सरकार देशभर मिरवते, पण त्याच समाजातली मुले वैधता प्रमाणपत्रासाठी वर्षानुवर्षे खेटे घालतात. ज्यांच्याकडे कधीच काही नव्हते त्यांच्याकडे कागद नसतो, हा साधा नियम आहे. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने मालेगावच्या प्रकरणावरून विशेष तपास पथक नेमले, उशिरा घेतल्या जाणाऱ्या जन्मनोंदी थांबवल्या आणि मार्चमध्ये नवी कडक कार्यपद्धती आणली. निशाणा बांगलादेशींवर होता. दाखल्यावाचून अडकली ती वडाराची, पारध्याची, ऊसतोड कामगाराची आणि आपलीही माणसे. कार्यालयातल्या खिडकीपलीकडचा माणूस आडनाव बघून संशय घेतो, आणि आपले आडनाव त्याला अजून नीट पाठ आहे.

आसामच्या नागरिक नोंदणीत ३१ ऑगस्ट २०१९ रोजी १९ लाख ६ हजार ६५७ माणसे यादीबाहेर राहिली. त्यात हिंदू बंगालीही मोठ्या संख्येने होते. आणि बंगालचा विषय निघालाच आहे तर एक ऋण आठवूया. १९४६ साली काँग्रेसने बाबासाहेबांसाठी संविधान सभेची दारे-खिडक्या बंद केल्या होत्या. दार उघडले ते बंगालच्या कायदेमंडळातून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. मंडल नमशूद्र होते, पूर्व बंगालचे. आज तो भाग बांगलादेश आहे. फाळणीनंतर तिथून हाकलले गेलेले लाखो नमशूद्र दंडकारण्याच्या जंगलात नेऊन टाकले. तिथून सुंदरबनात मरिचझापी बेटावर जाऊन वसले, तर १९७९ मध्ये डाव्या सरकारने बेटाला वेढा घातला, अन्नपाणी तोडले, गोळ्या झाडल्या. किती मेले याचा धड हिशेब आजही नाही. आपल्याच राज्यात गडचिरोलीच्या चामोर्शी आणि मुलचेरा भागात हे निर्वासित राहतात. महाराष्ट्रात नमशूद्रांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही, म्हणून त्यांची पोरे आजही झगडतात. बंगाली बोलणारा म्हणजे घुसखोर, असे म्हणणाऱ्याने आपण कोणाच्या लेकरांवर बोट रोखतो आहोत ते तपासावे.

आता सिंधुदुर्गातल्या खऱ्या परदेशी नागरिकांविषयी. ते आहेत, उघडपणे आहेत. देवगडच्या आंबा बागा राखायला नेपाळी माणसे येतात. बोटींवर नेपाळी खलाशी असतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला मुभा आहे, आणि ते कष्टाने कमावतात. त्यांच्याविरुद्ध आमची काडीचीही तक्रार नाही, कोणी काढू नये. पण एवढे सांगा, दुसऱ्या देशाचा माणूस बागेत निवांत झोपू शकतो आणि आपल्याच देशाचा भंगारवाला जिल्ह्यातून हाकलण्याच्या लायकीचा ठरतो, तेव्हा मोजमाप देशाचे आहे की धर्माचे?

आणि हद्दपारी हा शब्द जिभेवर इतका सोपा झाला आहे म्हणून सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे माणसाला जिल्ह्याबाहेर काढायचे असेल तर नोटीस लागते, बाजू ऐकावी लागते, सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्यावर अपील करता येते. आमदाराची पोस्ट हा आदेश नव्हे. गावाने कोणाला जगण्यातून उठवणे याला आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. कोकणातल्याच गावकीच्या जाचामुळे महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. गावकीची सवय गेलेली नाही, तिला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. कोल्हापूरजवळ शिंगणापूर ग्रामपंचायतीने २०२४ मध्ये नव्याने आलेल्या मुस्लिमांची नावे मतदार यादीत घेऊ नयेत असा ठराव केला. ओरड झाल्यावर बांगलादेशींचे कारण पुढे केले आणि माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी केली. गटविकास अधिकाऱ्यांना तो ठराव बेकायदा ठरवावा लागला. एका गावात मतदार यादी, दुसऱ्या गावात यात्रा. तिसऱ्या गावात आंबेडकर जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची याचा ठराव येईल तेव्हा बहुमत कोणाचे असेल, हे मोजायला फार गणित लागत नाही.

काही मित्र म्हणतात, 'ह्या सगळा खरा, पण आमच्या पोरांका काम नाय, ह्ये येऊन कमी पैशात करतत, त्याचा काय?' हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. चिरेखाणीवर, बांधकामावर, बोटीवर बाहेरचा माणूस स्वस्त पडतो, कारण त्याला किमान वेतन मिळत नाही, त्याची नोंद नसते, तो तक्रार करू शकत नाही. त्याला जितके घाबरवाल तितका तो आणखी स्वस्त होईल. मग फायदा कोणाचा? ठेकेदाराचा. बेकायदा आलेला माणूस खाणीवर सापडतो तेव्हा त्याला कामावर कोणी ठेवले, राहायला खोपटे कोणी दिले, हा प्रश्न पहिला विचारायला हवा. आम्ही कामगार खात्याकडे किमान वेतनासाठी, नोंदणीसाठी किती अर्ज केले? समुद्राचेही तेच. पर्ससीनने, एलईडीच्या दिव्यांनी, मलपीहून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलर्सनी आपल्या रापणकराचा घास काढला, हे शंभर टक्के खरे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले तरी लढा संपलेला नाही. पण त्या ट्रॉलरचा मालक आणि त्यावरचा झारखंडचा खलाशी यांच्यात फरक करायला शिका. खलाशाचे आधार तपासून बांगडा परत येत नाही.

आणि आपण स्वतः कुठे कुठे परप्रांतीय आहोत? दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याची आपली पोरे रोज सकाळी मोटारसायकलवरून गोव्यात कामाला जातात. तिथे त्यांना 'भायले' म्हणतात. घाटी तर म्हणतातच. तिथला एक पक्ष १९६१ पूर्वीचे मूळ असलेलाच गोवेकर, असा कायदा मागतो. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या रुग्णांना पैसे लावले, तेव्हा सिंधुदुर्ग हादरला. ज्या जिल्ह्याचा अपघात, बाळंतपण, हृदयविकार सगळे बांबोळीला जाते, त्याला एका आदेशाने परके केले गेले. दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले, जनआक्रोश झाला. आजार राज्याची सीमा बघून येतो का, असे आपण तेव्हा विचारत होतो. आपले बरोबर होते. रुग्ण माणूस आहे, भारतीय आहे, शेजारी आहे, हाच आपला मुद्दा होता. मग पोट राज्याची सीमा बघून भुकेजते का?

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला भरतात. बाहेरच्यांना खोली देऊ नये, फेरीवाल्याला बंदी करावी, अमुक धर्माच्या माणसाला धंदा करू देऊ नये, असे विषय 'आयत्या वेळचे विषय' म्हणून घुसवले जातात. आपली माणसे बहुधा मागे उभी असतात आणि सही करून घरी येतात. पुढच्या वेळी वाडीतून निदान दहा जण, त्यात बायका निम्म्या, पुढे बसा. ठराव वाचून दाखवायला लावा. हा विषय ग्रामपंचायतीच्या अधिकारात येत नाही आणि अनुच्छेद १४, १५ व १९ च्या विरुद्ध आहे, असा लेखी विरोध द्या आणि तो इतिवृत्तात नोंदवूनच घ्या. ग्रामसेवक नोंदवत नसेल तर त्याच दिवशी अर्जाची पोच पंचायत समितीत घ्या आणि प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या. कुठे नोटीस न देता पाडकाम होत असेल तर तारीख, वेळ दिसेल असे चित्रीकरण करा. ते फॉरवर्ड करायला नको, याचिकेला जोडायला लागते. अर्जाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी कळवावे. आम्ही तो मराठीत तयार केला आहे, नाव-गाव भरले की पुरे.